चारशे बारा पावलं

ती उलटी चालत होती, आणि सगळ्या भानगडीची सुरुवात तिथूनच झाली.

आता उलटं चालण्यात तिची काही चूक नव्हती, ते तिचं कामच होतं. जुन्या रणमैदानाची जी मोठी बाग केलीय ना, तिच्या पूर्व दरवाज्यावरची ती गाइड. आणि गाइडनं गर्दीला पाठ दाखवायची नसते, हे तिच्या बाबांनी तिला शाळेच्या पाढ्यांबरोबर पाठ करायला लावलेलं. तोंड लोकांकडे, हात तोफेकडे, पाय मागे मागे. बाबांनी स्वतः सव्वीस वर्षं तेच केलं होतं. स्वयंपाकघर ते कपाट एवढ्याशा बोळात त्यांनी लेकीकडून उलट्या चालीचा सराव करून घेतला आणि त्यात आईच्या दोन बरण्या धारातीर्थी पडल्या. पण पोरगी तयार झाली. दरवाज्याजवळच्या तोफेपासून मैदानाच्या मधल्या दगडापर्यंत बरोब्बर चारशे बारा पावलं. डोळे बांधले तरी एक इकडचं तिकडे व्हायचं नाही. आवाज असा खणखणीत की बागेतले माळी तिला तुतारी म्हणायचे.

दोनशे वर्षांपूर्वी या मैदानावर दोन फौजा भिडल्या होत्या, एक पूर्वेची, एक पश्चिमेची. सकाळी भिडल्या, दिवस मावळता थांबल्या. जिंकलं कोण? इथंच तर घोडं पेंड खातं. दोन्ही सेनापतींनी त्याच संध्याकाळी आपापल्या घरी पत्र धाडलं की आपण जिंकलो. पुढे मैदानाची बाग झाली, बाकं आली, 'गवतावरून चालू नये' अशी पाटी लागली, तीही जिथं हजारो माणसं गवतावरूनच एकमेकांवर चालून गेली होती तिथं. बागेला दोन दरवाजे आणि दरवाज्यागणिक एक गाइड. पूर्वेकडून आत शिरलात तर पूर्व जिंकायची, पश्चिमेकडून शिरलात तर पश्चिम. इतकी वर्षं ही गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही, कारण पश्चिमेचे म्हातारे गाइड गुडघ्यांनी बेजार. दरवाज्याशेजारी खुर्ची टाकून ते बसल्या जागी अख्खी लढाई जिंकायचे.

ते शनिवारी निवृत्त झाले. सोमवारी नवा आला. आणि नव्याचे गुडघे ठणठणीत होते.

तर त्या सोमवारी, दुपारी चार वाजता, तुतारी सहावीच्या बेचाळीस मुलींना घेऊन निघालेली. चारशे दहा, चारशे अकरा… "आणि मग शत्रूची अशी दाणादाण उडाली…" ती कमरेच्या स्पीकरमधून सांगत होती. मागून एक आवाज येत होता, "…की पूर्वेचे लोक वाट फुटेल तिकडे पळाले." तिला वाटलं आपलाच प्रतिध्वनी असेल, आज जरा घसा बसलेला. तिनं चारशे बारावं पाऊल टाकलं आणि धाडकन पाठीवर पाठ आदळली.

दोन्ही स्पीकर एकदम कोकलले. दोन टोप्या उडाल्या. दगडाच्या अल्याड ती, पल्याड तो, दोघंही हिरवळीवर फतकल मारून. सहावीच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्याच्याबरोबर आलेल्या पेन्शनर मंडळींनीही वाजवल्या, आणि एका आजोबांनी पुढचा खेळ किती वाजता म्हणून विचारलं.

तिनं दगडावरून डोकावून पाहिलं. कपाळाला गवताची काडी चिकटलेला एक उंच, हडकुळा तरुण कोपर चोळत हसत होता. हसताना डावीकडचा एक दात किंचित पुढे. हा दात तिनं पाहायला नको होता. त्यापुढचं सगळं त्या दातामुळे झालं असं तिची आई अजून म्हणते.

"तुम्ही उलटे का चालत होता?" तिनं दरडावून विचारलं.

"गाइड आहे म्हणून. तुम्ही?"

तिनं लगेच दुसरीकडून हल्ला केला. पूर्वेचे लोक पळाले हे त्याला कुणी सांगितलं? त्यानं खिशातून एक चुरगळलेली वही काढून दाखवली, म्हाताऱ्या गाइडांनी जाताना दिलेली. ती वही तळ्यात टाका, असा तिनं सल्ला दिला. तो म्हणाला, तळ्यातले मासे पूर्वेचे असतील तर बिचाऱ्यांना वाचून वाईट वाटेल.

"हे बघा," ती म्हणाली, "सूर्यसुद्धा आमच्याकडे उगवतो."

"उगवतो ना. पण दिवसभर दमला की… येतो आमच्याकडेच."

सहावीच्या बेचाळीस मुलींनी एका सुरात 'ओऽऽऽ' केलं. तुतारीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं हिरवळीवरची टोपी उचलून डोक्यावर ठेवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा गर्दीला पाठ दाखवून तरातरा निघाली.

घरी पोचली तेव्हा बाबा खुर्चीतून उठून उभेच राहिले. बाबांचं असं होतं की सव्वीस वर्षं 'हल्ला करा' असं ओरडून त्यांचा घसा गेला होता आणि डॉक्टरांनी बोलायची सक्त मनाई केलेली. गळ्यात पाटी, खिशात खडू, बोलायचं ते लिहून. त्यांनी लेकीच्या डोक्याकडे पाहिलं आणि पाटीवर लिहिलं, 'निळी'.

टोप्यांची अदलाबदल झाली होती. पूर्वेची लाल टोपी, बाबांनी सव्वीस वर्षं घातलेली, आत बॉलपेननं त्यांचं नाव लिहिलेली, ती आता शत्रूच्या डोक्यावर होती. बाबांनी पाटी पुसली आणि एवढ्या जोरात लिहिलं की खडू मोडला.

आई बागेच्या पूर्वेच्याच खिडकीवर तिकिटं फाडायची. तिला लढाईचं काडीचंही कौतुक नव्हतं. दोनशे वर्षं झाली त्या भांडणाला, आता हात धुवा आणि जेवायला बसा, एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तुतारी निळी टोपी घेऊन पश्चिम दरवाज्यावर गेली. वाटेत तिनं सहा टोमणे तयार केले होते, एकाहून एक जहाल. पण त्यानं लाल टोपी तिच्या हातात दिली आणि जरा चाचरत म्हणाला, "आतलं अस्तर उसवलं होतं… शिवलंय. मला नीट येत नाही शिवायला."

तिनं टोपी उलटी करून पाहिली. टाके असे वाकडेतिकडे की जणू मुंगीनं दारू पिऊन फेरी मारलीय. पण पक्के. अस्तर गेली तीन वर्षं तसंच लोंबत होतं आणि आज घालू, उद्या घालू करत तिनं स्वतः एक टाका घातला नव्हता.

सहाच्या सहा टोमणे ती विसरली.

मग काय, चारची फेरी दोघांचीही दगडाशी एकाच वेळी पोचायला लागली. योगायोगानंच, असं ती आईला सांगायची. रोज योगायोग, सोमवार ते शनिवार. तो तिला 'पूर्व' म्हणायचा, ती त्याला 'पश्चिम'. काय पूर्व, आज आमचे किती मारले, असं तो विचारायचा. ती आकडा सांगायची, आणि तो म्हणायचा की त्यातले निम्मे तरी जखमी धरा, त्यांना घरी बायकापोरं आहेत. ती आकडा कमी करायची. महिनाभरात पश्चिमेची फौज एवढी वाचली की बाबांना कळलं असतं तर पाटीच फोडली असती.

एकदा चारला हिरवळीचे फवारे अचानक सुरू झाले. माळीकाकांचं वेळापत्रक चुकलं की मुद्दाम चुकवलं, देव जाणे. लोक पळाले, आणि ही दोघं धावत येऊन तोफेवरच्या पत्र्याच्या छपराखाली अडकली. फवारा गरगर फिरायचा, छपरावर ताडताड वाजायचा, पुढे जायचा, पुन्हा यायचा. तो आला की दोघं तोफेकडे अर्धं पाऊल सरकायची. तोफ जागची हलत नव्हती, त्यामुळे अंतर कमी होत होतं ते दोघांमधलंच. तिच्या पापणीवर एक थेंब अडकला होता. तो त्या थेंबाकडे इतक्या गंभीरपणे बघत होता, जणू त्यालाच तो मोजून ताब्यात घ्यायचा होता.

"काय बघताय?"

"काही नाही… पूर्वेकडे पाऊस आहे."

मग घाईघाईनं तो भलतंच बोलायला लागला. सहा महिन्यांतली ही त्याची तिसरी नोकरी होती. कुरिअरमध्ये तो प्रत्येक दारात गप्पा मारत बसायचा, त्यामुळे सकाळची पार्सलं दुसऱ्या दिवशी पोचायची. मग एका दवाखान्यात पेशंटचे नंबर पुकारायला लागला. तिथं तो प्रत्येकाला काय होतंय, कधीपासून होतंय हे एवढ्या आपुलकीनं विचारायचा की निम्मे पेशंट तिथंच बरे होऊन घरी जायचे. डॉक्टरांनी त्याला हात जोडले. आता ही नोकरी गेली तर त्याच्या आईनं निक्षून सांगितलं होतं, मामाच्या फरशीच्या दुकानात जायचं, गाडीनं अकरा तास लांब.

"फरशीशी काय बोलणार मी?" तो म्हणाला.

तुतारी हसली. पण अकरा तास म्हणजे किती पावलं, याचा हिशोब ती रात्रभर करत राहिली.

आणि नेमकी त्याच आठवड्यात ठिणगी पडली. एक नवरा पूर्वेच्या दरवाज्यानं आत आला, त्याची बायको गाडी लावून पश्चिमेच्या दरवाज्यानं. बाहेर पडल्यावर कोण जिंकलं यावरून दोघांचं असं वाजलं की बायको माहेरी निघून गेली. नवऱ्यानं बागेच्या कार्यालयात चार पानी तक्रार दिली. बागेच्या अधिकारी मॅडमनी, ज्या आजवर फक्त कुंड्या मोजायच्या, पहिल्यांदाच दोन्ही गाइडना समोर उभं केलं. एका बागेत एक लढाई, एक निकाल आणि एक गाइड, असं त्यांनी बजावलं. येत्या रविवारी त्या स्वतः दोन्ही फेऱ्या ऐकणार. दहाला पूर्वेची, अकराला पश्चिमेची. ज्याचा निकाल पटेल तो गाइड राहील, दुसऱ्याची जागा रद्द.

दारातून बाहेर पडताना दोघं एकमेकांकडे बघेनात. तो एवढंच म्हणाला, "चांगलं सांग हं." तुम्हीचं तू कधी झालं हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. आलं असतं तर त्या दिवसाला काहीतरी अर्थ राहिला असता.

ते पाच दिवस घरात युद्धपातळीवर तयारी चालली. बाबा पाटी घेऊन बोळात उभे. 'छाती पुढे.' 'आवाज खालून काढ.' 'पळाले म्हणताना हात वर.' तुतारी मागे मागे चालायची, आणि शंभराव्या पावलाच्या आसपास तिला वाकडे टाके दिसायला लागायचे. ती जिंकली तर तो फरशीच्या दुकानात. तो जिंकला तर बाबांची टोपी खुंटीवर. सव्वीस वर्षं एक माणूस ज्या टोपीसाठी उन्हातान्हात ओरडला आणि आवाज घालवून बसला, ती टोपी.

शनिवारी भांडी पुसता पुसता तिनं विचारलं, "आई, हरलं की काय होतं गं?"

"काही होत नाही. दुसऱ्या दिवशी चहा तेवढाच गोड लागतो." आईनं ताट पालथं घातलं. "मी रोज हरते तुझ्या बाबांशी. वजन कमी झालंय का माझं?"

रविवारी दहाला पूर्व दरवाज्यावर ही गर्दी. मॅडम वही घेऊन पुढे, बाबा पाटी घेऊन त्यांच्या शेजारी. तुतारीनं स्पीकर लावला आणि सुरुवात केली. काय सांगितली तिनं लढाई! तोफ धडाडली तेव्हा एका आज्जींनी कान झाकले. दोनशे, तीनशे, साडेतीनशे. बाबांची मान ताठ होत चालली होती. चारशे पावलं झाली की शत्रूची दाणादाण उडायची असते. तिनं तोंड उघडलं. हात वर केला.

"आणि मग…" हात हळूहळू खाली आला. "मग पूर्वेची फौज मागे हटली."

बाबांच्या हातातला खडू पडला.

"आम्ही हरलो," ती म्हणाली. तिचा तुतारीसारखा आवाज पिपाणीएवढा झाला होता. "पश्चिमेचे लोक चांगले लढले. तिकडचा गाइड सांगतो तेच खरं आहे, मॅडम. त्यालाच ठेवा."

मॅडमनी लिहून घेतलं. बाबांकडे बघायची तिची हिंमत झाली नाही. उरलेली पावलं न मोजताच ती मधल्या दगडाआड जाऊन बसली आणि टोपीच्या अस्तराला नाक पुसलं.

अकराला पश्चिमेकडून दुसरी फेरी निघाली. तिला बघायचं नव्हतं, पण कान कसे मिटणार? त्याचा आवाज जवळ जवळ येत गेला. आणि तो जे सांगत होता त्यानं तिचं रडू जागच्या जागी थांबलं. पश्चिमेची माणसं मुळातच बोलघेवडी, तो सांगत होता. ऐन लढाईत एकमेकांची विचारपूस करत बसली. तलवारी कुठं ठेवल्या ते आठवेना. दुपारपर्यंत निकाल लागला होता.

"पूर्व जिंकली, मॅडम. स्वच्छ जिंकली. तिकडची गाइड सांगते ते अक्षरन् अक्षर…"

"खोटं आहे हे," दगडामागून तुतारी उठली.

तो दचकून वळला. गाइडनं गर्दीला पाठ दाखवू नये हे तोही विसरला. "तू मधे बोलू नकोस. मी हरलोय."

"मी आधी हरलेय. दहा वाजून वीस मिनिटांनी. विचार मॅडमना."

"वीस मिनिटांचं काय सांगतेस?" त्याचा आवाज चढला. "मी पहिल्याच सोमवारी हरलो. चार वाजता. पाठ आदळली तेव्हाच."

एवढं बोलून तो थांबला. कारण त्याचे शब्द बागेच्या दुसऱ्या टोकावरून परत आले होते. कमरेचे दोन्ही स्पीकर चालू होते. 'तेव्हाच… तेव्हाच…' असं तळ्यापर्यंत ऐकू गेलं. माळीकाकांनी पाण्याचा नळ बंद केला. तिकडे पूर्वेच्या खिडकीत आईनं 'बंद' अशी पाटी लावली आणि चपला घालून निघाली.

"मग… एवढे दिवस सांगितलं का नाहीस?" तुतारीनं विचारलं. हा प्रश्नही सगळ्या बागेनं ऐकला.

"तू जिंकत होतीस ना रोज," तो म्हणाला. "छान दिसायचीस जिंकताना."

मॅडमनी वहीत लिहिलेलं खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. एवढ्या नोकरीत आपण जिंकलो म्हणणारी माणसं त्यांनी पोत्यानं पाहिली होती, हरलो म्हणून भांडणारी ही पहिलीच जोडी. विजेत्याला ठेवायचं ठरलं होतं, आणि विजेता तर कुणीच व्हायला तयार नव्हतं. शिवाय पूर्वेची गर्दी घरी न जाता दगडाभोवती तशीच उभी होती, पश्चिमेची येऊन मिळालेली, आणि ते सोमवारचे आजोबा पुन्हा येऊन पुढचा खेळ किती वाजता म्हणून विचारत होते. शेवटी मॅडमनी एक ओळ लिहून खाली सही ठोकली. निकाल लागलेला नाही, सबब दोन्ही गाइडनी रोज मिळून लढावं आणि दोन्हीकडची बाजू सगळ्यांना एकत्र सांगावी.

आता उरले बाबा. गर्दीनं आपोआप वाट दिली. बाबा सावकाश चालत आले, लेकीच्या हातातली टोपी घेतली, उलटी केली आणि अस्तरावर बोट फिरवलं. मग कुणीतरी उचलून दिलेल्या खडूनं पाटीवर लिहिलं, 'हे तू शिवलंस?'

पश्चिमेनं मान डोलावली. त्याच्या कपाळाला घाम.

'टाके वाकडे.'

"हो, काका."

बाबांनी बराच वेळ पाटी पुसली, मग लिहिलं, 'पण पक्के.' टोपी लेकीच्या डोक्यावर ठेवली, आणि जायला वळता वळता थांबून शेवटचं लिहिलं, मोठ्या अक्षरात, दोन्ही बाजूंच्या गर्दीला दिसेल असं, 'तह. अटी मी ठरवणार.'

तोवर आई येऊन पोचली होती. तिनं पाटी वाचली, मुलाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि आधी दोघांनाही चहा पाजा, अटींचं नंतर बघू, असं सुचवलं. बाबा हरले. नेहमीप्रमाणे आईनं ते त्यांना कळू दिलं नाही.

आता रोज चारला दोन दरवाज्यांतून दोन फेऱ्या निघतात. लाल टोपी इकडून, निळी तिकडून, दोघंही उलटी, दोघांची तोंडं आपापल्या गर्दीकडे. ती तीनशेपर्यंत भरभर येते, मग उगाच हळू होते. चारशे अकराव्या पावलावर थांबते. शेवटचं पाऊल त्यानं टाकायचं, हे तहातलं पहिलं कलम. ती वळून बघत नाही. फक्त जवळ येणारी पावलं ऐकते, श्वास धरते… आणि पाठीला पाठ अलगद टेकते.

कोण जिंकलं, असं गर्दीतून कुणीतरी विचारतंच.

तेव्हा दोघंही हात उचलतात आणि न बघता, खांद्यावरून मागे बोट दाखवतात.